एईडी (हृदयाला शॉक देणारं) मशीन 'अजून जोरात दाबा' असं सांगतं, त्याने खरंच फरक पडतो का? वाडीसाठी घ्यायचंय

चिऱ्याचं_घर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

गेल्या वर्षी शिमग्यात पालखी सहाणेवर आली होती, रात्रीचे साडेअकरा वगैरे झाले असतील, ढोल जोरात चालू. आमच्या वाडीतले एक काका, वय ५८, पालखी नाचवून बाजूला येऊन बसले आणि बसल्या जागी कलंडले. सगळ्यांना वाटलं दमले, चक्कर आली, कोण म्हणतंय कांदा आणा कोण म्हणतंय वारा घाला. मी मुंबईला कंपनीत होतो तेव्हा अर्ध्या दिवसाचं सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबायचं, ट्रेनिंग झालेलं, तेवढ्यावर मला कळलं की हे चक्कर नाही, हाक मारली तर काही नाही, श्वास नाही, मधेच एकदा घरघर. मी गुडघ्यावर बसून छाती दाबायला लागलो. फोन लगेच केला होता पण तालुक्यापासून आमच्या वाडीपर्यंत उतार आणि वळणं, गाडी यायला ३५ मिनिटं लागली. तोपर्यंत जवळजवळ मी एकटाच दाबत होतो कारण दुसऱ्या कोणाला येत नव्हतं आणि मला पण सुचलं नाही की कोणालातरी शिकवून बदली घ्यावी. काका गेले.

नंतर डिसेंबरात तालुक्याला एक शिबिर झालं, तिथे सेन्सरवाली डमी होती, दाबलं की समोर टॅबवर आकडे दिसतात. मी आत्मविश्वासाने बसलो, दोन मिनिटं दाबलं. टॅबवर आलं सरासरी खोली ३६ मिमी, वेग मिनिटाला १३८. पाहिजे ५० ते ६० मिमी आणि १०० ते १२०. मला दाबताना शपथेवर वाटत होतं की मी पुरेपूर जोर लावतोय. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. त्या रात्री पण मी असंच दाबत होतो का, हा विचार डोक्यातून जात नाही.

आता वाडीने ठरवलंय की एईडी घ्यायचं, चाकरमान्यांनी वर्गणी दिलीय. दोन कोटेशन आलीत. एकात छातीवर चिकटवायच्या पॅडबरोबर मधोमध एक सेन्सर येतो, तो छातीवर ठेवून त्याच्यावरच दाबायचं, मग मशीन बोलतं जोरात दाबा, वेग वाढवा, बरोबर चाललंय वगैरे. दुसऱ्यात नुसती टिकटिक आहे वेगासाठी, खोलीचं काही सांगत नाही. फरक साधारण ४० हजारांचा. आमच्यासाठी ४० हजार म्हणजे लहान रक्कम नाही.

प्रश्न एवढाच की माझ्यासारख्या साध्या माणसाच्या हातात ते बोलणारं मशीन असेल तर दाबणं खरंच सुधारतं का, आणि सुधारलं तर माणूस वाचण्यात फरक पडतो का. ज्यांना माहीत आहे त्यांनी स्पष्ट सांगा.

---

सुरंगी

दादा, मशीनचं मला काही माहीत नाही पण एक सांगते, त्या रात्री तिथे एवढी माणसं होती आणि खाली बसलेले तुम्ही एकटे होतात. हे विसरू नका. बाकी जाणकार लिहितीलच, मी पण वाचतेय कारण आमच्याकडे राजापूरला पण हाच विषय चाललाय.

---

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच काम करतो, सीपीआर शिकवतो पण. नीट बसून लिहितो.

आधी तुमच्या ३६ मिमी बद्दल. २००५ साली स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेमधल्या आकेर्सहूस इथल्या रुग्णवाहिकांवर केलेला एक अभ्यास छापून आला, १७६ रुग्ण, डिफिब्रिलेटरला, म्हणजे शॉकच्या मशीनला, सेन्सर लावून प्रत्यक्षात किती दाबलं जातं ते मोजलं. रोज हेच काम करणारी प्रशिक्षित माणसं. सरासरी खोली निघाली ३४ मिमी, आणि जवळजवळ निम्मा वेळ, ४८ टक्के, छातीवर हातच नव्हते, म्हणजे कोणी नळी घालतंय कोणी नाडी बघतंय. तोपर्यंत सगळ्यांना वाटत होतं आपण बरोबर करतो. हाताला खोली कळत नाही, हा तुमचा एकट्याचा दोष नाही. सेन्सरची गरज मुळात तिथूनच पुढे आली.

दुसरं, डमीच्या छातीत स्प्रिंग असते, माणसाची छाती वेगळी, कोणाची कडक कोणाची मऊ, शिवाय तुम्ही डमीवर बसलात ते मधे इतके महिने गेल्यावर. तेव्हा त्या टॅबवरच्या ३६ वरून त्या रात्रीचा हिशोब मांडू नका, तो मांडता येत नाही. आणि स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्टच लिहितो, शॉक द्यायला काही नसताना ३५ मिनिटं नुसतं दाबून, अगदी ५५ मिमी दाबून सुद्धा, माणूस परत येणं फार अवघड असतं. हृदय थरथरत असेल तर त्याला शॉकच लागतो. काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घसरते, दाबत राहिलं की ती घसरण मंदावते, म्हणजे दाबणं हे मशीन येईपर्यंत वेळ धरून ठेवणं आहे. तुम्ही वेळ धरून ठेवलात, मशीन नव्हतंच. म्हणून वाडी मशीन घेतेय हे फार चांगलं होतंय.

आता मूळ प्रश्न, दोन भाग करतो कारण उत्तरं वेगळी आहेत.

दाबणं सुधारतं का? हो. यात फारसा वाद नाही. डमीवर साध्या लोकांना घेऊन पुष्कळ अभ्यास झालेत आणि मशीन बोलत असेल तर वेग १००-१२० मधे येतो, खोली वाढते. नुसत्या टिकटिकीने वेग सुधारतो, खोलीची खात्री नाही. घाबरलेला माणूस काय करतो तर भराभर आणि वरवर दाबतो, तुमचं १३८ आणि ३६ हे अगदी तेच चित्र आहे. वेग खाली आणला की खोली द्यायला वेळ मिळतो, आणि छाती पूर्ण वर यायला पण, कारण ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं.

माणूस वाचण्यात फरक पडतो का? इथे मी हो म्हणून मोकळा होणार नाही. २०११ साली उत्तर अमेरिकेतला मोठा अभ्यास छापून आला, १५८६ रुग्ण, रुग्णवाहिकेच्या टीमना काही काळ फीडबॅक, म्हणजे कसं दाबताय ते मशीनने सांगणं, चालू आणि काही काळ बंद अशी विभागणी. खोली ३८ ची ४० मिमी झाली, छातीवरचा दाब अर्धवट सोडणं कमी झालं, पण हृदय परत चालू होण्यात आणि घरी जाण्यात फरक दिसला नाही. लक्षात घ्या, ४० म्हणजे सुद्धा ५० नाहीच, आणि २ मिमीने नशीब बदलेल अशी अपेक्षा चूक. मग २०१३ मधे अ‍ॅरिझोनातून आलं, तिथे टीमना प्रसंग उभे करून कसून ट्रेनिंग दिलं आणि वर फीडबॅक लावला, वाचून घरी जाणारे ८.७ वरून १३.९ टक्क्यांवर गेले. पण तो आधीचा काळ आणि नंतरचा काळ अशी तुलना होती, त्यातलं किती ट्रेनिंगचं आणि किती मशीनचं ते वेगळं काढता येत नाही. २०१९ चा इराणमधला एक आहे, ९०० रुग्ण, हाताखाली ठेवायचं लहानसं उपकरण, पुरेसा दाब पडला की खटका वाजतो, तिथे जगून घरी जाणारे २८ टक्क्यांवरून ५४ वर. मोठा फरक आहे पण ते सगळे आयसीयूमधले रुग्ण, आजूबाजूला डॉक्टर नर्स, तुमच्या सहाणेवरची परिस्थिती वेगळी.

बघ्यांमधून उठून दाबायला बसलेल्या साध्या माणसाच्या हातात हे मशीन आणि त्यामुळे किती जास्त जीव वाचले, याचा थेट भक्कम पुरावा माझ्यासमोर नाही, आहे तो बहुतेक डमीवरचा. पण तर्क सरळ आहे आणि त्यात धोका जवळपास नाही, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१५ पासून प्रत्यक्ष सीपीआरमधे फीडबॅक वापरणं योग्य म्हटलंय, आणि ३१ जानेवारी २०१९ पासून त्यांच्या मोठ्यांच्या सीपीआर कोर्समधे सेन्सरवाली डमी सक्तीची केलीय. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, त्यावर नंतर लिहितो, ऑपरेशन थिएटरमधून फोन आलाय.

---

सर्किट_चिपळूण

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली, मी बायोमेडिकल वाला, मशीनची बाजू सांगतो कारण विकणारा ही कधी सांगत नाही.

तो मधला सेन्सर म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर, मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते त्याच जातीचा. तो खोली थेट मोजत नाही, त्याला फक्त कळतं की आपण किती झटक्याने हललो, त्यावरून गणित करून किती मिमी खाली गेलो ते काढतो. त्यामुळे एक मोठी गोम, त्याला हे कळत नाही की छाती दबली की छातीखालची गादी दबली. पेशंट गादीवर असेल तर तुम्ही ५० दाबलं असं मशीन म्हणेल आणि त्यातलं बरंचसं गादीनेच खाल्लेलं असेल, म्हणजे मशीन 'बरोबर चाललंय' म्हणतंय आणि छाती जेमतेम दबतेय. आपल्याकडे माणूस पडला की पहिलं काम काय तर उचलून आत पलंगावर नेतात. नेऊ नका. खळ्यात, ओटीवर, सारवलेल्या जमिनीवर, जिथे पडलाय तिथे कडक जागा असेल तर तिथेच. पलंगावर पडलेला असेल तर खाली जमिनीवर घ्या. फीडबॅकवालं मशीन घेतलंत तर हे शिकवणं दुप्पट गरजेचं.

तसंच चालत्या गाडीत किंवा होडीत. टेम्पोत घालून खड्ड्यातून नेताना ते धक्के पण सेन्सरला मिळतात, आकडे भरवशाचे राहात नाहीत, आणि हृदयाचे ठोके तपासताना तर गाडी थांबवलीच पाहिजे.

काही मशीन सेन्सर न देता पॅडमधून जाणाऱ्या बारीक करंटवरून दाबण्याचा अंदाज घेतात. त्याने दाबताय की थांबलाय आणि वेग किती हे चांगलं कळतं, खोलीच्या बाबतीत मी त्यावर विसंबणार नाही. कोटेशनमधे नुसतं 'सीपीआर फीडबॅक' लिहिलेलं असतं, खोली कशी मोजता ते विचारा आणि लेखी घ्या.

आणि खर्च ४० हजारावर थांबत नाही. पॅडला तारीख असते, त्यावरची जेल सुकते, मॉडेलप्रमाणे २ ते ५ वर्षांत बदलायची, वापरली की फेकायचीच. सेन्सरवाली पॅड महाग. बॅटरी वेगळी. आजच पुढच्या पॅडची किंमत विचारून वर्गणीतून बाजूला काढून ठेवा. मी अशी मशीन बघितलीत की भिंतीवर छान टांगलेलं आणि आत पॅड तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेली.

---

जेटीवरचा

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. तुमची वाडी खाडीच्या कडेने लांबलचक पसरलेली असणार, आमच्यासारखीच. आमच्याकडे देवळापासून शेवटचं घर अडीच किलोमीटर. मशीन देवळात आणि माणूस पडला खालच्या टोकाला तर ते बोलणारं असो की मुकं, उपयोग काय? मी तर म्हणेन महागडं एक घेण्यापेक्षा साधं घ्या आणि वाचलेल्या पैशात अजून थोडे घालून दोन-तीन वर्षांत दुसरं साधं, दोन टोकांना दोन. लवकर शॉक मिळणं मोठं की ५ मिमी जास्त दाबणं मोठं?

---

चिऱ्याचं_घर

जेटीवरचा, राग कसला, हा विचार माझ्या पण डोक्यात आला नव्हता. आमचं पण तसंच आहे, वरची वाडी आणि खालची वाडी यात चढ आहे, मोटरसायकलने ५ मिनिटं.

सर्किट, गादीचं वाचून अंगावर काटा आला, काकांना पण दोघंजण उचलून घरात न्यायला निघाले होते, मीच नको म्हटलं, पण ते का नको हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अजून एक, मशीन इंग्रजीत बोलतं. डेमोला आलेला माणूस म्हणाला भाषा बदलून मिळते का बघतो. शिमग्याच्या ढोलात ऐकू येईल का हा वेगळाच प्रश्न.

---

सातवी_ब

मी शाळेत शिकवते, देवगड तालुक्यात. आमच्या शाळेत सीपीआरचा कार्यक्रम झाला तेव्हा आम्ही ही भाषेची अडचण सोडवली ती सांगते. मशीन मोजून आठ-दहा वाक्यंच बोलतं. ती सगळी आम्ही फळ्यावर देवनागरीत लिहिली, पुश हार्डर म्हणजे अजून जोरात दाब, पुश फास्टर म्हणजे वेग वाढव, गुड कॉम्प्रेशन्स म्हणजे बरोबर आहे असंच चालू ठेव, डोन्ट टच द पेशंट म्हणजे सगळ्यांनी हात काढा. मुलांनी ती पाठ केली आणि त्यांच्या आज्यांना शिकवली. मशीन मराठीत बोलेल तेव्हा बोलेल, तोपर्यंत ही वाक्यं छापून मशीनच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, अक्षर मोठं.

आणि दाबणाऱ्याने मशीनकडे बघायचं नाही, दुसऱ्या माणसाने मशीनजवळ बसून ते काय म्हणतंय ते दाबणाऱ्याच्या कानात मराठीत ओरडायचं. आम्ही करून बघितलं, एकटा माणूस स्क्रीन बघत दाबायला गेला की हात सरकतात आणि कोपर वाकतं. दोघं असले की छान जमतं. ढोलाचा प्रश्न पण त्यानेच सुटतो, शिवाय माणूस पडला की ढोल थांबवा हे पहिल्यांदा कोणीतरी ओरडून सांगायला पाहिजे, गोंधळात ते पण कोणाला सुचत नाही.

---

आशाताई_मालवण

मी आशा म्हणून काम करते. माझं वजन ४६ किलो. ट्रेनिंगला गेले तेव्हा मी मागेच उभी राहिले होते, माका वाटला ह्या माझ्याच्यान होवचा नाय. सरांनी पुढे बोलावलं. पहिल्यांदा दाबलं तर डमीवरचा दिवा पेटेचना. मग त्यांनी सांगितलं गुडघे अगदी पेशंटच्या अंगाला लावून बस, खांदे हातांच्या बरोबर वर आण, कोपर सरळ, हातांनी नको, कमरेपासून अंग खाली टाक. तसं केलं आणि दिवा हिरवा झाला. हिरवा दिवा बघितल्यावर अंगाला कळलं की एवढं दाबायचं असतं, ते तोंडी सांगून मला जन्मात कळलं नसतं. पण मी दीड मिनिट टिकले, मग दिवा परत जायला लागला आणि मला वाटतच होतं की मी तेवढंच दाबतेय.

म्हणून मी आता वाडीत सांगते एका पेशंटला किमान तीन माणसं पाहिजेत, दोन मिनिटांनी बदली. मशीन पण दर दोन मिनिटांनी थांबून ठोके तपासतं, तेव्हाच बदली करायची म्हणजे वेगळा वेळ जात नाही.

अजून एक कोणी लिहीत नाही ते मी लिहिते. पडलेली बाई असेल तर लोक हात लावायला घाबरतात, पॅड लावायला ब्लाउज उघडायला तर कोणीच पुढे येत नाही. पॅड उघड्या कातडीवरच लागते. मंगळसूत्र पॅडखाली येऊ देऊ नका, बाजूला सरकवा. दोन बायकांनी साडी नाहीतर चादर धरून आडोसा करा आणि दाबणारा पुरुष असला तरी दाबू दे. आमच्या एका बाईच्या वेळी सगळे नुसते बघत राहिले. ती माझ्या शेजारची होती. ट्रेनिंगमधे बायकांना वेगळं बसवून हे बोला, खुलेपणाने बोलल्या की मग त्या मागे हटत नाहीत.

---

लाल_बावटा

गणपतीपुळ्याच्या बाजूला जीवरक्षकाचं काम करतो. पर्यटक आणि समुद्र म्हणजे आमच्याकडे बुडालेले पेशंट जास्त. दोन-तीन गोष्टी वेगळ्या आहेत तेवढ्याच सांगतो.

बुडालेल्याचं हृदय हवा न मिळाल्यामुळे थांबलेलं असतं. तिथे नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वास द्यावाच लागतो आणि आधी श्वास, मग ३० दाब २ श्वास. मशीन आणायला माणूस पळवा पण मशीनची वाट बघत श्वास थांबवायचे नाहीत, बऱ्याचदा मशीन तपासून शॉक नको असंच सांगतं, तर निराश होऊन थांबू नका, ते थांब म्हणत नाहीये, दाबणं चालू ठेव म्हणतंय. पुष्कळ लोक 'शॉक नको' ऐकलं की संपलं असं समजतात.

छाती आधी कोरडी पुसायची, टॉवेल मशीनच्या पेटीतच ठेवा. पाण्याच्या कडेवरून वर आणा. पुळणीवर कोरडी भुसभुशीत वाळू असते तिथे पण गादीसारखंच अंग खाली रुततं, आम्ही घट्ट वाळूवर नाहीतर सरळ फळीवर घेतो.

आणि ते पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरणं, पिंपावर पालथं घालणं हे सगळं बंद करा, त्यात फक्त वेळ जातो.

---

भूलवाला

परत आलो. जेटीवरच्यांचा मुद्दा अगदी बरोबर जागी लागलाय आणि मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं.

लवकर शॉक आणि चांगलं दाबणं यातलं एक निवडायचं असं नसतं, दोन्ही एकमेकांवर उभे आहेत. छातीवर हात ठेवून दाबण्याची ही पद्धत मुळात डिफिब्रिलेटरवर काम करतानाच सापडलीय. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधे कुत्र्यांवर प्रयोग चालले होते, तिथे निकरबॉकर नावाच्या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं की शॉकचे जड पॅडल छातीवर दाबून धरले की शॉक द्यायच्या आधीच रक्तदाब थोडा वर जातो. त्यावरून कौवेनहोवेन, ज्यूड आणि तो, तिघांनी १९६० साली छाती दाबण्याची पद्धत छापली. एक हात शॉकचा एक दाबाचा, पहिल्यापासून असंच आहे. मी विद्यार्थ्यांना हे दरवेळी सांगतो.

पण पैसे मोजके असताना माझं मत असं. साध्या माणसाला फीडबॅकचा सगळ्यात जास्त फायदा प्रसंगाच्या वेळी होत नाही, आधी होतो, डमीवर. आशाताईंनी लिहिलं तेच, अंगाला एकदा कळलं पाहिजे की पाच सेंटीमीटर म्हणजे किती. ज्याने डमीवर हिरवा दिवा पेटवलाय त्याला मशीनने जोरात दाब म्हटलं तर काय करायचं ते माहीत असतं. ज्याने कधीच दाबलं नाहीये त्याला तेच वाक्य ऐकून बरगडी मोडेल याची भीती वाटते आणि हात अजून हलका पडतो. बरगड्या मोडतात, बऱ्याचदा मोडतात, त्या जुळतात. सहा सेंटीमीटरच्या फार पुढे जाऊ नये एवढंच.

म्हणून क्रम असा लावा, सेन्सरवाली डमी पहिली, मशीन दुसरं, मशीनमधला खोलीचा सेन्सर तिसरा. तिन्ही जमत असेल तर उत्तमच, पण डमी गाळून सेन्सर घेऊ नका. डमी एका वाडीने घ्यायची पण गरज नाही, आजूबाजूच्या चार-पाच गावांत फिरवता येते, मशीन मात्र फिरवता येत नाही. आणि ट्रेनिंग एकदा करून विसरू नका, काही महिन्यांत हात विसरतात.

शिकवायला वेळ नसेल आणि तोंडाने श्वास द्यायला लोक बिचकत असतील तर आपल्याकडे भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेच्या पुढाकाराने २०१७ मधे साध्या लोकांसाठी फक्त छाती दाबायची पद्धत आलीय, कोल्स म्हणतात, ती तासाभरात शिकवून होते. बुडालेल्यांसाठी आणि लहान मुलांसाठी लाल_बावटा म्हणतात तसे श्वास हवेतच, किनाऱ्यावरच्या गावांनी ते वेगळं शिकावं.

केसची भीती कोणी काढली तर सांगा, जीव वाचवायला चांगल्या हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे, बेशुद्ध माणसाची परवानगी लागत नाही. अजून या भीतीने लोक मागे राहतात हे बघून वाईट वाटतं.

---

जेटीवरचा

डॉक्टर, डमी पहिली हे पटलं. मी माझं म्हणणं बदलतो. आमच्या सोसायटीत पण मांडतो. ट्रेनिंगला वेळ कधी काढायचा हा आमचा नेहमीचा रडका प्रश्न, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, तांडेल खलाशी सगळे घरी. त्या दोन महिन्यांत सगळ्यांचं एकदा होऊ शकतं. डमी फिरवायची असेल तर जूनमधे आमच्याकडे द्या, आमचे हात जाळी ओढून तयार आहेत.

---

सर्किट_चिपळूण

पावसाळ्यात करताय तर एक टीप, डमीवर एकदा जमिनीवर दाबा आणि एकदा मुद्दाम कापसाच्या गादीवर ठेवून दाबा. डमीचा सेन्सर आत छातीतच असतो त्यामुळे तो गादीला फसत नाही, गादीवर तेवढाच जोर लावून आकडा कसा पडतो ते लोकांना डोळ्याने दिसेल. नंतर कोणाला सांगावं लागत नाही की पलंगावर नेऊ नका.

---

चिऱ्याचं_घर

मंडळी, काल रात्री देवळात बैठक झाली, इथलं सगळं वाचून दाखवलं. काही जणांना मशीन सोडून डमीवर खर्च कशाला हे पटत नव्हतं, मग मी माझे ३६ आणि १३८ सगळ्यांसमोर सांगितले. हे मी आत्तापर्यंत घरी पण सांगितलं नव्हतं. त्यावर कोणी काही बोललं नाही, मग काकांची मोठी मुलगी उठली आणि म्हणाली पहिलं नाव माझं लिहा.

ठरलंय ते असं. शेजारच्या तीन गावांशी बोलून डमी मिळून घ्यायची, ती जूनमधे जेटीवरच्यांकडे येईल, गणपतीत चाकरमानी आले की आमच्याकडे. मशीन खोलीच्या सेन्सरवालंच घेतोय कारण एका चाकरमान्याने वरचे पैसे देतो म्हणून कळवलं, पण एका अटीवर, पुढच्या पॅडचे पैसे आजच बँकेत वेगळे ठेवायचे. सर्किट, ती अट तुमचं वाचूनच त्याने घातलीय. दुसरं साधं मशीन वरच्या वाडीसाठी पुढच्या वर्षी. सातवी_ब बाईंची वाक्यं झाकणाला चिकटवणार, जमल्यास इथे टाका ना सगळी.

एकच राहिलंय. मशीन ठेवायचं कुठे. देवळाच्या सभामंडपात म्हणतायत पण रात्री कुलूप असतं आणि चावी पुजाऱ्यांच्या घरी. मी म्हणतोय सहाणेजवळच्या दुकानाच्या बाहेर भिंतीवर पेटी लावू, कुलूप नको, पण तिथे दुपारी पश्चिमेचं ऊन थेट येतं आणि पावसात खारा वारा. पॅड उन्हाने खराब होतील का? कोणी किनाऱ्यावर उघड्यावर लावलंय का असं?

---

सर्किट_चिपळूण

कुलूप अजिबात नको. बहुतेक मशीनना ५० डिग्रीपर्यंत चालतं पण बंद पेटी थेट उन्हात त्याच्या वर जाते. दुकानाची उत्तरेची भिंत आहे का? असेल तर तिथे, पागोळ्यांच्या आत, आणि पेटी पत्र्याची नको फायबरची घ्या, पत्रा आपल्याकडे दोन पावसात गंजतो. आठवड्यातून एकदा मशीनवरची खूण बरोबर दिसतेय ना हे बघायचं काम एकाच माणसाच्या नावावर टाका आणि पेटीत वही ठेवा, बघितलं की सही. फोटो टाका जागेचा, मी सांगतो.